मावशीचे कान

'थांबा' म्हटल्यावर सगळे थांबले, बायको तेवढी थांबली नाही.

रिंगणात सहा घोडे होते. पाच जागच्या जागी उभे राहिले, एकाने मान झटकली, एकाने शेपूट हलवलं, आणि सहावा, मान फार ताठ ठेवतो म्हणून ज्याला सगळे नवरदेव म्हणत, तो आपला चालतच राहिला. त्याच्या पाठीवर ती. पाठ सरळ, नजर समोर, हात शांत, टाचा खाली. सगळं त्याने शिकवलं होतं तसं, किंबहुना जरा जास्तच चांगलं. भिंतीच्या कडेकडेने ती एकटी पुढे गेली, कोपरा वळली, आणि दंतवैद्यांच्या घोड्याचं शेपूट अगदी नाकासमोर आलं तेव्हा कुठे तिने लगाम आखडला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि नवरदेवाची मान थोपटली, जणू तिला नेमकं तिथेच थांबायचं होतं. दंतवैद्य वळून म्हणाले, "सर, घरचंच माणूस ऐकत नाही तुमचं, तर आम्ही काय ऐकणार?" सगळे हसले. तोही हसला, कारण न हसता उभं राहिलं असतं तर ते जास्त दिसलं असतं. पण आत कुठेतरी बारीकसं खुपलं, आणि वर्ग संपेपर्यंत खुपत राहिलं.

तसं पाहिलं तर यात काही नव्हतं. नवशिक्यांचं अर्धं लक्ष पडण्याच्या भीतीत असतं, आणि उरलेलं अर्धं आपण कसे दिसतोय यात. त्यातून जे काही सांडेल ते शिकवणाऱ्याचं. उभी हयात त्याने हे सांडलेलं लक्ष वेचत काढली होती. पत्र्याच्या छपराखाली, वाळूच्या मधोमध उभं राहून, एकाच वेळी सहा माणसांना आणि सहा जनावरांना पुरेल असा आवाज लावायचा, हे त्याचं काम. आवाज हीच त्याची मिळकत. मध्ये एकदा घोडेशाळेच्या व्यवस्थापकांनी गळ्यात अडकवायचा माइक आणला होता, तेव्हा तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. तेव्हा एखादा गडी 'थांबा'वर थांबला नाही, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो एकच शब्द होता: इथेसुद्धा. घरी ती त्याचं ऐकेनाशी होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि ते त्याने गिळलं होतं. रिंगण मात्र त्याचं होतं. इथे मुकी जनावरंसुद्धा त्याचं ऐकत.

ती वर्गात आली तेसुद्धा त्याला न विचारता. एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने सांगितलं की गुरुवारच्या संध्याकाळच्या वर्गात तिने नाव घातलंय, मोठ्यांच्या, नवशिक्यांच्या. तो कपाकडे बघतच राहिला. अर्ध्या गावाला त्याने घोड्यावर बसवलं होतं, पण हिने इतक्या वर्षांच्या संसारात घोड्याला गाजर भरवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि त्याचे कपडे नेहमी वेगळे भिजवले होते, वास येतो म्हणून. का, म्हणून त्याने विचारलं. म्हणजे विचारलं ते कपातच विचारलं, घरी तो असाच बोलायचा, ओठांतल्या ओठांत. दिवसभर ओरडून घसा खरवडलेला असे. घरी आलं की आवाज जपायचा, ही जुनी सवय. तिने ऐकलं नसावं किंवा उत्तर द्यायचं नसावं. ती म्हणाली, डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितलंय, आणि बशी उचलून आत गेली. त्याला राग आला, आणि रागाच्या खाली थोडं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा पुन्हा राग आला.

पहिल्या दिवशी त्याने तिला मावशी दिली. मावशी म्हणजे घोडेशाळेतली सगळ्यात म्हातारी घोडी, राखाडी, पोटाने सुटलेली, खालचा ओठ लोंबणारी. हिच्या पाठीवरून अजून कोणी पडलेलं नव्हतं. वर्गात माणसांची नावं लक्षात ठेवायची पद्धत नाही. माणसं येतात-जातात, घोडे तेच. म्हणून ज्याच्या पाठीवर बसाल ते तुमचं नाव. निवृत्त मुख्याध्यापिका त्या दिवशी काळू होत्या, आणि दंतवैद्य पोस्टमन, कारण तो घोडा प्रत्येक फाटकापाशी थांबत असे. तेव्हा लग्नाच्या बायकोला त्याने भर रिंगणात 'मावशी, टाचा खाली' म्हणून हाक मारली आणि वर्ग खो खो हसला. तीही हसली. इतरांपेक्षा जरा उशिरा हसली, पण हसली. मावशीवर ती पहिल्याच दिवसापासून छान बसली. त्याने दुडकी म्हणावं आणि मावशीने दुडकी धरावी, त्याने चाल म्हणावं आणि मावशी चालीवर यावी. मुख्याध्यापिका म्हणाल्यासुद्धा, यांना घरून शिकवणी असणार.

आता मावशीचं गुपित घोडेशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, वर्गातल्यांना सोडून. मावशी पाठीवरच्या माणसाचं ऐकत नसे. ती ऐकायची ती त्याचं. इतकी वर्षं त्याच्या आवाजावर फिरून फिरून तिला सगळा पाठ तोंडपाठ झाला होता. तो श्वास घ्यायला लागला की तिचे कान त्याच्याकडे वळत, आणि शब्द पुरा होण्याआधी पाय उचललेले असत. वर बसलेल्याला वाटे, आपण टाच लावली म्हणून चालली. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार म्हणायचा, वर्ग मावशी घेते, सर नुसते पगार घेतात. शिकवणाऱ्यांना माणसांसाठीही युक्त्या कराव्या लागतात. शब्द आडवळणाने टाकायचा, कधी एकाला म्हणायचं आणि दुसऱ्याला पोचवायचं, लेकी बोले सुने लागे. काळूवाल्या बाई फार पुढे झुकत, पण त्यांना थेट सांगितलं तर त्या ताठरत. मग तो दंतवैद्यांना म्हणे, पोस्टमन, पाठ सरळ, आणि दंतवैद्य आणि बाई दोघांचीही पाठ सरळ होई. सगळ्यांना मिळून एक वाक्य बोलायचं आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच वाटलं पाहिजे, यातच सगळी कला. बायको वर्गात आल्यापासून त्याला एक वाईट खोड लागली होती. तो सगळ्यांना म्हणून जे बोले, ते तिच्यासाठी बोलू लागला होता. लगाम इतका ओढू नका, समोरच्यालाही तोंड असतं. घाबरलात तर सांगा, मी इथेच आहे. घोडा रुसला तर त्याला वेळ द्या, पण सोडून जाऊ नका. मुख्याध्यापिकांनी हे शेवटचं वाक्य घरी लिहून ठेवलं म्हणे. ती मात्र समोर बघत शांतपणे फेरी मारत राहायची. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

ती न थांबलेल्या गुरुवारी मावशीच्या पायाचा नाल निघाला होता, म्हणून बायकोला नवरदेव दिला होता. नवरदेव नवीन होता, त्याला अजून कोणाच्याच आवाजाची सवय नव्हती. ही गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तरी त्याला दिसली नाही. त्याला दिसलं ते वेगळंच. वर्ग आटोपून दोघं घरी निघाले, ती नेहमीप्रमाणे त्याच्या डाव्या बाजूने चालत होती, एका चौकात तो रस्ता ओलांडताना डावीकडे आला तर ती मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे आली, आणि त्याला वाटलं, आपण बाजू बदललेलीसुद्धा हिला चालत नाही. दुकानांचे दिवे लागले होते, बस थांब्यावर माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. तो म्हणाला, आज नवरदेवाने त्रास दिला का. तिने मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. पूर्वी याच रस्त्यावरून येताना ती इतकं बोलायची की त्याला म्हणावं लागे, अगं जरा श्वास घे. औषधाच्या दुकानात काम करायची ती. कोणत्या गिऱ्हाइकाने खोकल्याचं औषध मागताना किती प्रकारे खोकून दाखवलं, याची नक्कल करत यायची. तेव्हा तो नुसता ऐकायचा आणि त्याच्या थकलेल्या घशाला ते फार बरं वाटायचं. आता दोघांच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं, त्यामुळे दोघांनाही भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसावं लागे. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यावर तिची खुर्ची माळ्यावर गेली होती. जेवताना तो काहीतरी म्हणायचा, भिंतीला, आणि ती 'हं' म्हणायची. कधीकाळी ती विचारायची, "काय म्हणालात?" आणि तो म्हणायचा, "काही नाही." कारण जे म्हटलं ते दुसऱ्यांदा म्हणण्याइतकं मोठं कधीच नसायचं, आज ऊन होतं, काळूने कडबा टाकला, शेजाऱ्यांनी जिन्यात सायकल लावलीय. दिवसभर एकच वाक्य दहादा सांगणाऱ्या माणसाला घरीही तेच करायचा वीट येतो. लक्ष कुठे असतं तुझं, असंही तो एकदोनदा म्हणाला होता. पुढे तिने विचारणं सोडलं आणि नुसतं 'हं' राहिलं. मुलीचा फोन आला की पूर्वी तासभर कोपऱ्यात बसून बोलणारी ती आता दोन वाक्यांत फोन त्याच्या हातात द्यायची, बाबांशी बोल. मुलीनेही एकदा विचारलं होतं, आई माझ्यावर रागावलीय का? तो म्हणाला होता, अगं नाही, वय होतं माणसाचं. पण स्वतःला तो हे सांगू शकत नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती अगदी साधी होती: तिला आपलं बोलणं नकोसं झालंय, म्हणजे आपणच नकोसे झालोय. वाद नाही, भांडण नाही, नुसतं संपलंय, बाटलीच्या तळाशी गेलेल्या तेलासारखं. तो आठवडा त्याने ती भीती उशाशी घेऊन काढला आणि घोड्यांवर उगाच खेकसला.

पुढच्या गुरुवारी मावशीला नवा नाल ठोकला होता, म्हणून ती परत मावशीवर गेली. वर्ग नेहमीसारखा चालला होता. मध्येच दंतवैद्यांची पाय ठेवायची रिकीब खोगिरापासून निसटली आणि तो ती लावायला वाकला. पाठ बाकीच्यांकडे, तोंड घोड्याच्या पोटाशी. लोकांना उगाच उभं ठेवायला नको म्हणून तो तसाच, वाकल्या वाकल्या, जेवणाच्या टेबलावर बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाला, बाकीच्यांनी दुडकी धरा. आणि पट्टा अडकवून वळला, तर नेमकी तेव्हाच मावशी त्याच्या समोरून निघाली.

घोड्याला ज्याने सांगितलं आणि घोड्याने ज्याला नेलं, या दोन माणसांत फरक असतो, आणि तो शिकवणाऱ्याला लांबून दिसतो. सांगणाऱ्याचं अंग पहिल्या पावलाबरोबर पुढे जातं. ज्याला नेलं त्याचं अंग मागे राहतं, हिसका बसतो, हात आयाळीकडे जातात. मावशीने कान वळवले, पाय उचलला, आणि तिच्या पाठीवर त्याची बायको मागे फेकल्यासारखी झाली. हात आयाळीत गेले. पुढच्याच क्षणाला तिने ते काढले, पाठ सरळ केली, आणि चेहरा असा केला जणू हे सगळं तिनेच ठरवलं होतं.

तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. पाहुणे आले, कोणीतरी विनोद केला, सगळे हसले आणि ती मागाहून हसली, तेव्हाचा चेहरा. चौकात वळसा घालून डावीकडे आली तेव्हाचा. दुकानातलं काम सोडलं, आता कंटाळा आला म्हणाली, तेव्हाचा. आणि त्याआधी काही महिने ती गिऱ्हाइकांकडून औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेत होती, ते त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि वाटलं होतं, केवढी ही व्यवस्थित बाई. तो रिंगणाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्याभोवती सगळं फिरत होतं, आणि प्रत्येक फेरीला एकेक गोष्ट उलटी होऊन समोर येत होती. मुलीचा फोन. टीव्ही बघताना डोळे सतत खालच्या अक्षरांवर. भिंतीकडे तोंड करून बसणारं ते टेबल. तिला ऐकायचं नव्हतं असं नव्हतं. तिला ऐकूच येत नव्हतं. वर्गात ती पुढच्याचं बघून बघून चालत होती, आणि जिथे बघायला कोणी नव्हतं तिथे एक म्हातारी घोडी तिच्या वतीने ऐकत होती.

पहिल्यांदा त्याला राग आला. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आणि हे लपवायचं? मग लक्षात आलं की सांगायला माणूस आधी काहीतरी विचारतो, आणि तिने विचारलं होतं, काय म्हणालात, आणि आपण म्हणत होतो, काही नाही. राग तिथेच बसला. त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते त्याला कळेना. तिची त्याला दया आली नाही. तिचा अभिमान वाटला, इतकं सगळं एकटीने निभावून नेलं म्हणून, आणि तिच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. मुख्याध्यापिका ओरडल्या, सर, आम्ही अजून किती फेऱ्या मारायच्या? तेव्हा त्याला कळलं की थांबा म्हणायचं राहून गेलंय.

आठवडाभर तो काही बोलला नाही. बोलायचं कसं, हेच त्याला येईना. इतकी धडपड करून तिने जे झाकलं ते आपण ओढून उघडं करायचं? त्याने जेवणाचं टेबल भिंतीपासून हलवून पाहिलं, पण मग स्वयंपाकघराचं दार उघडेना, आणि ती म्हणाली, हे काय नवीन, तेव्हा त्याने ते परत ढकललं. हे एवढंच त्याला घरात सुचलं. जे सुचायचं ते त्याला रिंगणातच सुचायचं.

गुरुवारी त्याने मोतद्दाराला पुढे केलं. मोतद्दाराने सगळ्यांना सांगितलं, सरांचा घसा बसलाय, आज सर हाताने शिकवणार. पंजा वर म्हणजे थांबा. बोट गरागरा म्हणजे दुडकी. हात खाली म्हणजे चाल. टाचेकडे बोट म्हणजे टाच, त्यात काय विचारायचं. सगळ्यांनी सरांकडे बघायचं, शेपटाकडे नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जन्मभर ओरडून मी घसा घालवला, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं. आणि वर्ग सुरू झाला, आणि त्याच्या आयुष्यातला इतका बेशिस्त वर्ग त्याने कधी घेतला नव्हता. आवाज नाही म्हटल्यावर घोडेच गोंधळले. पोस्टमन फाटकापाशी गेला आणि तिथेच मुक्काम करून राहिला. दंतवैद्य टाचा मारून थकले आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की या घोड्याने आजवर त्यांचं काहीएक ऐकलेलं नाही. काळू वर्तुळाच्या आत शिरला. नवरदेव तेवढा खुशीत होता, त्याला पूर्वीही काही कळत नव्हतं आणि आताही.

मावशी उभी होती. दोन्ही कान त्याच्यावर रोखलेले, ओठ लोंबलेला. ती शब्दाची वाट बघत होती आणि शब्द येत नव्हता. आणि तिच्या पाठीवर बायको त्याच्याकडेच बघत होती, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. सगळ्या वर्गात तिला एकटीलाच कुणाकडे तरी बघत राहायची सवय होती. त्याने बोट फिरवलं. तिने पोटऱ्या आवळल्या. मावशीने कान मागे केले, हे काय नवीन म्हणून, आणि हलली नाही. तिने घाई केली नाही, चिडली नाही. खांदे सैल सोडले, एक श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, मऊ पण नक्की. आणि मावशी निघाली, आणि पहिल्या पावलाबरोबर तिचं अंग पुढे गेलं. कुठे हिसका नाही, आयाळीत हात नाही. भिंतीच्या कडेने ती दुडकत आली, बाकीच्यांच्या गोंधळातून वाट काढत. त्याच्या तोंडाशी शाबास आलं होतं, ते त्याने दातांखाली धरलं. शाबासकीची खूण त्याने ठरवलीच नव्हती. मग तो दोन्ही हात वर करून वेड्यासारखा उभा राहिला, आणि सगळ्यांनी घोडे थांबवले, कारण पंजा वर म्हणजे थांबा.

वर्गानंतर तो सामानाच्या खोलीत गेला. लाकडी दांड्यांवर खोगिरं ओळीने ठेवलेली होती, उंच खिडकीतून उतरतं ऊन आत येत होतं, चामड्याचा आणि तेलाचा वास होता. बाहेर मोतद्दार घोडे घासत होता, दंतवैद्य त्याला आपल्या पोस्टमनची तक्रार सांगत होते. ती मावशीचा लगाम घेऊन आत आली, फडक्याने कडी पुसू लागली, आणि पुसता पुसताच म्हणाली, "घसा बसलेला नाहीये तुमचा. बसला की तुम्ही सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करता. आज केल्या नाहीत."

तिने कडी पुसणं थांबवलं.

"कधी कळलं?"

मागच्या गुरुवारी, असं तो म्हणाला, पण सवयीने समोरच्या खोगिराला म्हणाला. ती थांबून राहिली. मग त्याला समजलं, आणि तो पुरता वळला, उजेडात आला, आणि तिला तोंड दिसेल असा उभा राहून पुन्हा म्हणाला, "मागच्या गुरुवारी. तू मावशीवर होतीस."

तिने मान हलवली आणि सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाला औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं, रडगाणं न लावता. दोन्ही कान चाललेत. डावा आधीच गेलाय, उजवा हळूहळू. डॉक्टरांकडे ती एकटीच गेली होती. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्र लावलं तर पुष्कळ ऐकू येईल, असं ते म्हणाले होते. पुढच्या महिन्यात यंत्र बसवायचं म्हणून वेळही घेऊन ठेवली होती. त्याने विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगणारच होते, पण आधी वाटायचं, थोडंसंच आहे, कशाला. आणि मग तुमची सवयच झाली न बोलण्याची, तेव्हा वाटलं, तुम्हाला आता सांगण्यासारखं काही उरलं नसेल. म्हणजे तीही तेच समजून बसली होती. भिंतीकडे तोंड करून दोघं शेजारी शेजारी, एकच गोष्ट मनात धरून, रोज जेवत होते.

मग त्याला न राहवून त्याने ते विचारलं, जे पहिल्या सकाळी कपात विचारलं होतं. इथे का आलीस? इथे तर उघडं पडायचीच भीती जास्त. ऐकू येत नसताना माणूस घोड्यावर कशाला बसेल?

"घरी तुम्ही आवाज जपता," ती म्हणाली. "इथे मोकळा सोडता. शब्द नाही कळत मला, छपराखाली सगळे मिसळून जातात. पण आवाज येतो. अजून येतो. यंत्र लावल्यावर तो यंत्रातनं येईल, भांड्यांचा, गाड्यांचा आणि तुमचा, सगळा एकसारखा. म्हटलं, त्याआधी नुसत्या कानांनी ऐकून घ्यावा."

तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं होतं, जणू म्हणतेय, तेल संपत आलंय, आणून ठेवा. सबंध वर्गाला म्हणून तो तिच्यासाठी बोलत होता आणि त्यातला एक शब्द तिला कळत नव्हता, आणि ती तरीही दर गुरुवारी तेच ऐकायला येत होती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. घरातल्या गोष्टी घरातसुद्धा हळू बोलणारा माणूस तो. दाराबाहेर दंतवैद्य होते, मोतद्दार होता, आणि मुख्याध्यापिका हात धुवायला नळावर आल्या होत्या. त्याने पाय रोवले, पोटातून श्वास घेतला आणि सहा घोड्यांना पुरेल तो आवाज लावला.

"तुझ्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही."

बाहेर खरारा थांबला. नळ बंद झाला. दंतवैद्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि कोणी ते पुरं करायचं धाडस केलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती, लगाम हातात तसाच, आणि तिचा चेहरा आता काही ठरवल्यासारखा दिसत नव्हता.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणून तर."

त्याने पुन्हा म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने.